झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी घरी बनवलेला हार्ड डिस्क इंटरफेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोल्डरिंगचा थोडाफार हात असलेल्या आणि घरात चालू स्थितीतला स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेरचा १९८२ चा घरगुती संगणक, असलेल्या वाचकासाठी हे पान आहे. दोन साध्या चिपांच्या बोर्डापासून सुरुवात करू. माझ्या मते पहिला बोर्ड तोच असावा. रॉम, मेनू, फाइलसिस्टिम हे सगळं त्याच्या नंतरचं.

‘हार्ड डिस्क’ म्हणता, पण नक्की काय जोडायचं?

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. आतून ती हार्ड डिस्कच आहे असं समजा. आयडीई या डिस्क जोडायच्या पद्धतीतली तीच रजिस्टर, तेच आदेश, तेच ५१२ बाइटचे सेक्टर. कार्डाचा नववा पिन वीज येतानाच ग्राउंडला जोडलेला असला, की ते आयडीई डिस्कसारखं वागू लागतं. बाजारातले ४० पिनी स्वस्त ॲडॉप्टर ही जोडणी करूनच येतात आणि त्यांच्यात बहुधा दुसरं काही नसतंच. फिरणारी डिस्कही जोडता येते. तिचं दुखणं पुढे आहे.

१९८२ च्या यंत्राला दोन चिपांत डिस्क कशी काय जोडता येते?

कारण अवघड काम डिस्कच्या आतच झालेलं असतं. स्पेक्ट्रम आला त्या काळातल्या हार्ड डिस्क, म्हणजे सीगेटच्या एसटी-५०६ च्या वंशातल्या, नुसत्या यांत्रिक होत्या. डोकं सरकवणं, चुंबकीय सिग्नलमधून घड्याळ आणि डेटा वेगळा काढणं, चुका तपासणं, हे सगळं बाहेरच्या कंट्रोलर कार्डाला करावं लागे. असा कंट्रोलर घरी बनवणं म्हणजे हौस नव्हे, शिक्षा. १९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांनी कंट्रोलर डिस्कच्या अंगावरच बसवला आणि बाहेर फक्त प्रोसेसरच्या बसला जोडायच्या तारा ठेवल्या. तेच आयडीई.

म्हणून झेड८० च्या, म्हणजे स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरच्या, नजरेतून आयडीई डिस्क म्हणजे आठ पोर्ट, क्रमांकाने वाचायची-लिहायची आठ दारं. एकात सेक्टर क्रमांक टाका, दुसऱ्यात आदेश टाका, तिसऱ्यातून डेटा उचला. ‘इंटरफेस’ या भारदस्त नावाखाली आपल्याला एवढंच करायचं आहे की हे आठ पोर्ट यंत्राला योग्य क्रमांकांवर दिसावेत.

मग त्या काळी कुणी का नाही केलं?

किमतीमुळे. ४८के स्पेक्ट्रम १७५ पौंडांना मिळत होता. एसटी-५०६ ही ५ मेगाबाइटची डिस्क १९८० साली सुमारे १५०० डॉलरना होती. सिंक्लेरने १९८३ मध्ये मायक्रोड्राइव्ह काढली. ती म्हणजे अखंड फिरणाऱ्या फितीचं छोटं कार्ट्रिज, सुमारे ८५ किलोबाइटचं. बाकी सगळे कॅसेटवर. आयडीई डिस्क स्वस्त झाल्या तोवर स्पेक्ट्रमचा बाजार उठला होता. त्यामुळे हे सगळं काम हौशी लोकांनी केलं, आणि त्यात चेक, स्लोव्हाक, पोलिश आणि रशियन मंडळी आघाडीवर होती.

सामान काय लागेल?

७४एचसीटी१३८ (पत्ता ओळखणारा डिकोडर) एक, ७४एचसीटी३२ (चार ऑर गेट) एक, दोन्हींना आयसी बेस. १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, १० किलोओहमचे दोन-तीन रेझिस्टर, झिरो बोर्ड, ४० पिनी हेडर, कॉम्पॅक्ट फ्लॅशचं ॲडॉप्टर आणि कार्ड. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चक्कर मारली तर हे बहुतेक मिळतं. कार्ड लहान क्षमतेचंच घ्या. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातलं ३२ किंवा ६४ मेगाबाइटचं कार्ड इथे उत्तम. ४८के च्या यंत्राला ३२ जीबी देऊन तुम्ही काय साधणार?

२८ जोड्यांचा एज कनेक्टर कुठे मिळत नाही. काय करू?

जुन्या पीसी मदरबोर्डवरचा ८ बिटी आयएसए स्लॉट काढा किंवा सुटा मिळाला तर तसा घ्या. त्यात ३१ जोड्या असतात आणि पिनांमधलं अंतर तेच, २.५४ मिलिमीटर. हॅकसॉने २८ जोड्या ठेवून बाकीचा भाग कापा.

त्यानंतरचं काम मात्र टाळू नका. पाचव्या जागेवरच्या दोन्ही पट्ट्या उपसून काढा आणि तिथे प्लास्टिकची किंवा जाड कार्डाची चकती चिकटवा. स्पेक्ट्रमच्या कडेला त्याच जागी खाच आहे. ही चावी नसेल तर कनेक्टर एका जागेने सरकून बसू शकतो आणि ५ व्होल्टच्या रेषा शेजारच्या भलत्याच ताराला भिडतात. स्पेक्ट्रमच्या जुन्या ४११६ रॅम चिपांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. ते तयार करणाऱ्या भागातला टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर अशा शॉर्टने जातो आणि जाताना खालच्या १६के रॅमच्या चिपांनाही घेऊन जातो. दुरुस्तीला येणाऱ्या स्पेक्ट्रमांमधला हा नेहमीचा रोग आहे. यंत्र चालू असताना कनेक्टर लावू नका, काढू नका, हलवूही नका.

सर्किट सांगा. चित्राशिवाय जमेल?

जमेल, कारण फार काही नाहीच.

आधी डेटा. स्पेक्ट्रमच्या डी० ते डी७ या तारा आयडीई हेडरच्या १७, १५, १३, ११, ९, ७, ५, ३ या पिनांना याच क्रमाने जातात. म्हणजे सगळ्या विषम रांगेत, उलट्या क्रमाने. समोरच्या सम रांगेतले ४ ते १८ हे पिन वरच्या आठ बिटांचे आहेत. ते मोकळे सोडा.

मग रजिस्टर निवडणं. स्पेक्ट्रमच्या ए२, ए३, ए४ या ॲड्रेस लाइन हेडरच्या ३५, ३३ आणि ३६ या पिनांना. क्रम नीट पाहा, ३४ मध्ये नाही.

आता निवड, म्हणजे १३८ चं काम. त्याचे तीन निवड-पिन ए०, ए१ आणि ए५ ला जोडा. वर हवा असलेला एनेबल ए७ ला, खाली हवा असलेल्या दोनपैकी एक ए६ ला, दुसरा ग्राउंडला. आउटपुट सात नंबरचं घ्या आणि हेडरच्या ३७ व्या पिनाला द्या. ३८ व्या पिनाला १० किलोओहममधून ५ व्होल्ट.

शेवटी वाचा-लिहा. ३२ च्या एका गेटला आयओआरक्यू (झेड८० ची पोर्टव्यवहाराची खूण) आणि आरडी (वाचण्याची खूण), त्याचं आउटपुट २५ व्या पिनाला. दुसऱ्या गेटला आयओआरक्यू आणि डब्ल्यूआर (लिहिण्याची खूण), आउटपुट २३ ला. उरलेल्या दोन गेटांची इनपुट ग्राउंडला बांधा, लोंबकळत ठेवू नका.

स्पेक्ट्रमचा रीसेट पिन १ ला. २९ ला १० किलोओहममधून ५ व्होल्ट. २८ ग्राउंडला. २, १९, २२, २४, २६, ३०, ४० हे सगळे ग्राउंड, आणि सगळे जोडा, एकच जोडून भागवू नका. पिन २० ला काही लावायचं नाही. प्रत्येक चिपच्या वीजपिनांजवळ एक १०० नॅनोफॅरड. केबल लावलीच तर वीतभरापेक्षा लांब नको. ॲडॉप्टर थेट हेडरवर बसवलं तर सगळ्यात बरं.

हे कुठल्या पोर्टांवर दिसेल?

१६३, १६७, १७१, १७५, १७९, १८३, १८७ आणि १९१. पहिला डेटाचा, दुसरा चूक आणि वैशिष्ट्यांचा, तिसरा सेक्टरसंख्येचा, पुढचे तीन सेक्टर क्रमांकाचे, सातवा ड्राइव्ह निवडीचा, आठवा स्थिती आणि आदेशाचा.

हेच क्रमांक का? दुसरे चालणार नाहीत?

स्पेक्ट्रमच्या पोर्टांची वाटणी सिंक्लेरने कंजूषपणे केली आहे. पूर्ण पत्ता तपासायचा तर चिपा लागतात, म्हणून प्रत्येक उपकरण एखादीच ॲड्रेस लाइन पाहतं. ए० शून्य असेल तर यूएलए, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी चिप, जागा होतो. ए२ शून्य असेल तर झेडएक्स प्रिंटर. ए३ किंवा ए४ शून्य असेल तर मायक्रोड्राइव्ह जोडणारा इंटरफेस वन. ए५ शून्य असेल तर केम्प्स्टन जॉयस्टिक. १२८ मॉडेलचं मेमरी पेजिंग आणि साउंड चिप ए१ शून्य असताना ऐकतात. आपण ए०, ए१ आणि ए५ तिन्ही एक असण्याची अट घातली आहे, त्यामुळे कीबोर्ड, जॉयस्टिक, साउंड यांपैकी कुणाशी भांडण नाही. इंटरफेस वन आणि झेडएक्स प्रिंटर यांच्याशी मात्र आहे, कारण रजिस्टर निवडायला त्यांच्याच लाइन घेतल्या आहेत. ते काढून ठेवा.

दुसरं कारण म्हणजे चेक मंडळींच्या डिव्हआयडीई या प्रसिद्ध इंटरफेसनेही हेच आठ पोर्ट वापरले आहेत. पुढे तिकडे जायचं झालं तर तुम्ही लिहिलेले रूटीन फारसे बदलावे लागत नाहीत.

वरच्या आठ ॲड्रेस लाइन जाणूनबुजून सोडल्या आहेत. झेड८० चा आयएनआयआर हा सलग बाइट उचलणारा आदेश डेटा वाचताना बी रजिस्टरमधला मोजणीचा आकडा ए८ ते ए१५ वर टाकतो आणि तो दर बाइटला बदलतो. त्या लाइन तुम्ही तपासायला घेतल्यात तर पहिलाच बाइट मिळेल, पुढचे नाहीत.

आयओआरक्यू थेट १३८ ला दिला तर एकच चिप पुरेल ना?

कागदावर पुरेल. पुष्कळ जुन्या सर्किटांत तसंच आहे आणि काही कार्डांवर ते चालतंही. अडचण वेळेची आहे. झेड८० आयओआरक्यू आणि डब्ल्यूआर जवळजवळ एकाच क्षणी खाली आणतो. त्यामुळे कार्डाची निवड १३८ मधून फिरून पोहोचते तेव्हा लिहिण्याची खूण आधीच आलेली असते. आयडीईला उलट क्रम हवा. सगळ्यात संथ रीतीतही निवड आणि पत्ता खुणेच्या ७० नॅनोसेकंद आधी स्थिर हवेत. आपल्या दोन चिपांच्या मांडणीत निवड फक्त पत्त्यावरून होते आणि पत्ता तर जवळपास एक पूर्ण टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका), म्हणजे पावणेतीनशे नॅनोसेकंद आधी आलेला असतो. ‘माझं एक कार्ड चालतं, दुसरं चालत नाही’ या तक्रारींमध्ये मला पहिला संशय याच गोष्टीचा येतो.

मेमरी वाचताना पत्ता योगायोगाने जुळून कार्ड निवडलं गेलं तरी बिघडत नाही, आयओआरक्यू वर असल्यामुळे ३२ चं गेट वाचायची खूण पुढे जाऊच देत नाही. इंटरप्टच्या वेळी आयओआरक्यू खाली येतो खरा, पण आरडी आणि डब्ल्यूआर दोन्ही वर असतात. म्हणून एम१ ची, म्हणजे आदेश उचलल्याची खूण देणारी, तार लागत नाही.

एचसीटीच का? दुकानदार एचसी देतोय.

घेऊ नका. स्पेक्ट्रममधला मूळ झेड८० एनमॉस जातीचा आहे. ‘एक’ म्हणून तो हमखास २.४ व्होल्ट देतो, जास्त मिळाले तर नशीब. एचसी चिपला ५ व्होल्टवर ३.५ लागतात, एचसीटीला २ पुरतात. एलएसही चालेल.

कार्डाला ३.३ व्होल्ट द्यायचे की ५?

५. ॲडॉप्टरवर जंपर असेल तर तो ५ कडे. आपल्या चिपा ५ व्होल्टचे सिग्नल देणार आहेत.

वीज स्पेक्ट्रममधूनच घेऊ का?

कार्डापुरती, हो. काम करताना ते साधारण १०० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा कमी घेतं. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क मात्र सुरू होताना त्याच्या कितीतरी पट खेचते. स्पेक्ट्रमचा ७८०५ रेग्युलेटर ९ व्होल्टचे ५ करताना उरलेल्याची उष्णता करतो. अर्धा अँपिअर जादा घेतलात तर किमान २ वॅट जादा उष्णता त्या पत्र्याच्या तुकड्यावर पडेल आणि तो आधीच हात लावू देत नाही. डिस्कला स्वतंत्र ५ व्होल्ट द्या, ग्राउंड मात्र समाईक.

मूळ ॲडॉप्टर हरवलं असेल आणि बाजारातलं ९ व्होल्टचं आणलं असेल तर आधी मल्टीमीटर लावा. स्पेक्ट्रमला आतला पिन ऋण आणि बाहेरची नळी धन लागते. दुकानात सहज मिळणारी बहुतेक ॲडॉप्टर याच्या उलटी असतात.

चिपा बसवल्या. पहिल्यांदा चालू कसं करायचं?

आधी चिपा आणि कार्ड न लावता मल्टीमीटरने ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना ते बघा. मग शेजारशेजारच्या सगळ्या पिनांमध्ये. कंटाळवाणं आहे, पण करा. मग चिपा बसवून, कार्ड न लावता यंत्र चालू करा. नेहमीचा कॉपीराइटचा संदेश यायला हवा. काळे-पांढरे चौकोन किंवा उभे पट्टे आले तर लगेच बंद करा, कुठली तरी तार दुसरीला चिकटली आहे.

कार्ड लावून पुन्हा चालू करा आणि बेसिकमधून प्रिंट इन १९१ द्या. (इन आय च्या बटणावर आहे आणि आऊट ओ च्या, दोन्ही एक्स्टेंडेड मोडमधून सिम्बॉल शिफ्टसकट. ज्यांची बोटं विसरली असतील त्यांच्यासाठी.) उत्तर ८० आलं तर अर्धी लढाई जिंकली. ८० म्हणजे कार्ड म्हणतंय, मी तयार आहे, चूक काही नाही.

२५५ आलं तर कार्ड निवडलंच जात नाहीये. दर वेळी वेगळाच आकडा आला तरी अर्थ तोच. ४८के स्पेक्ट्रममध्ये रिकाम्या पोर्टावरून कधी २५५ येतं, तर कधी यूएलए त्या क्षणी पडद्यासाठी उचलत असलेला बाइट हाती लागतो. कार्डाने उत्तर दिलंय असं वाटून लोक इथे फसतात.

८० नंतरची चाचणी: आऊट १७१, ८५ द्या आणि प्रिंट इन १७१ करा. ८५ परत यायला हवं. मग १७० घालून बघा, १७० यायला हवं. हे दोन आकडे अशासाठी की त्यांचे बिट एकाआड एक आणि एकमेकांच्या नेमके उलट असतात. आठही डेटा तारा दोन्ही स्थितींत तपासल्या जातात. १७५, १७९ आणि १८३ या पोर्टांत तीन वेगवेगळे आकडे टाकून तिन्ही परत वाचा. एकात टाकलेला दुसऱ्यात दिसला तर ३३, ३५, ३६ या पिनांमध्ये अदलाबदल झाली आहे.

आठ बिटांचा मोड म्हणजे काय? तो का लागतो?

आयडीईचा डेटा पोर्ट मुळात १६ बिटांचा. आपण खालच्या आठच तारा जोडल्या, म्हणजे तसंच वाचलं तर दर दुसरा बाइट हरवेल. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डांना मात्र सांगता येतं की एका वेळी आठच बिट दे. बेसिकमध्ये आऊट १८७, २२४, मग आऊट १६७, १, मग आऊट १९१, २३९. नंतर स्थिती वाचा. ८० आलं तर मान्य, ८१ आलं तर कार्डाने आदेश नाकारला. वीज गेली किंवा रीसेट दाबला की हे विसरलं जातं, त्यामुळे तुमच्या प्रोग्रामच्या सुरुवातीलाच ते असू द्या.

आता आऊट १९१, २३६ द्या आणि १६३ वरून ५१२ वेळा वाचा. कार्ड स्वतःची ओळख सांगतं. शून्यापासून मोजलं तर ५४ ते ९३ या बाइटांत मॉडेलचं नाव असतं, अक्षरांच्या जोड्या उलटलेल्या. सँडिस्कचं कार्ड असेल आणि नाव कंपनीपासून सुरू होत असेल तर एस, ए, एन, डी ऐवजी पडद्यावर ए, एस, डी, एन असं उमटेल. ते चूक नाही, आयडीईची रीतच तशी आहे. टीव्हीवर ते उलटंपालटं नाव दिसतं तेव्हा बोर्ड पूर्ण झाला असं समजा.

मला खरी, घरघरणारी डिस्कच हवी आहे.

समजू शकतो. पण नंतरच्या बहुतेक हार्ड डिस्कना आठ बिटांचा मोड माहीत नाही. दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे वरचे आठ बिट सोडूनच द्यायचे. प्रत्येक सेक्टरमध्ये २५६ बाइटच वापरायचे, डिस्कची निम्मी जागा वाया. स्पेक्ट्रमच्या प्लस थ्री मॉडेलसाठी अशी व्यवस्था असलेले इंटरफेस आहेत आणि जागा इतकी मुबलक असते की दुःख होत नाही. फक्त अशी डिस्क पीसीला जोडून सरळ वाचता येत नाही.

दुसरी वाट लॅचची, म्हणजे बाइट धरून ठेवणाऱ्या चिपची. वाचताना खालचा बाइट थेट घ्यायचा आणि वरचा त्याच क्षणी ७४एचसीटी५७४ मध्ये पकडून ठेवून पुढच्या वाचनात द्यायचा. लिहिताना याच्या उलट. म्हणजे दोन लॅच, शिवाय आत्ता पहिला बाइट की दुसरा हे लक्षात ठेवणारा एक फ्लिप-फ्लॉप आणि आदेश देताना तो शून्यावर आणायची सोय. चिपा दोनाच्या सहा-सात होतात. कार्डावर पहिला बोर्ड चालल्याशिवाय यात पडू नका.

वेग किती मिळतो?

आयएनआयआर एका बाइटला २१ टी-स्टेट घेतो. ३.५ मेगाहर्ट्झला भागलं तर सेकंदाला सुमारे १ लाख ६६ हजार बाइट. ४८के ची संपूर्ण मेमरी अर्ध्या सेकंदाच्या आत भरते. कॅसेटवर त्यालाच चार-पाच मिनिटं जायची, आणि शेवटच्या क्षणी टेप लोडिंग एरर आली तर पुन्हा पहिल्यापासून.

कार्डाला घाई होत नाही ना, असंही विचारतात. झेड८० चं एक इनपुट चक्र चार टी-स्टेटचं, म्हणजे ११०० नॅनोसेकंदांहून थोडं जास्त. आयडीईच्या सगळ्यात जुन्या, संथ मोडला ६०० पुरतात.

आता यावर गेम कसे ठेवायचे? फाइलसिस्टिम कुठे आहे?

या बोर्डावर नाही, आणि सुरुवातीला लागतही नाही. ४८के मेमरी म्हणजे ४९,१५२ बाइट, म्हणजे बरोबर ९६ सेक्टर. एसएनए जातीच्या स्नॅपशॉट फाइलमध्ये, म्हणजे एका क्षणाच्या संपूर्ण मेमरीच्या प्रतीत, त्याआधी २७ बाइट रजिस्टरांचे, एकूण ४९,१७९. प्रत्येक गेमला १२८ सेक्टरची जागा नेमून द्या. गेम क्रमांक गुणिले १२८ हा सुरुवातीचा सेक्टर. ३२ मेगाबाइटच्या कार्डावर पाचशेच्या आसपास गेम बसतात. लिनक्सवर डीडी हा आदेश वापरून फाइल थेट त्या सेक्टरवर लिहिता येते. डिस्कचं नाव तीनदा तपासून घ्या, नाहीतर स्पेक्ट्रमचा गेम तुमच्या लॅपटॉपच्या डिस्कवर जाऊन बसेल.

वाचणारा प्रोग्राम मशीन कोडमध्ये लिहावा लागतो, पण लहान आहे. सेक्टरसंख्या आणि क्रमांक टाका, १८७ मध्ये २२४, १९१ मध्ये ३२. मग प्रत्येक सेक्टरआधी स्थिती वाचून व्यस्ततेचा बिट शून्य आणि डेटा तयार असल्याचा बिट एक होईपर्यंत थांबा. एचएल मध्ये पत्ता, सी मध्ये १६३, बी मध्ये शून्य, आणि आयएनआयआर दोनदा. पहिला संपताना बी पुन्हा शून्य झालेलाच असतो, म्हणून मध्ये काही लिहायला नको. सेक्टरसंख्या ९७ दिली तर फाइल पूर्ण येते, आणि २७ बाइटांच्या त्या डोक्यामुळे मेमरी सेक्टरच्या मधूनच सुरू होते हे लक्षात ठेवा.

गंमत पुढे आहे. वाचणारा प्रोग्राम ज्या मेमरीत बसला आहे तिच्यावरच गेम येऊन पडणार. म्हणून तो पडद्याच्या मेमरीत ठेवतात. थोडा चिखल दिसतो आणि गेम स्वतःचा पडदा रंगवतो तेव्हा पुसला जातो. सगळी रजिस्टर भरून झाली की आरईटीएन हा परतीचा आदेश. एसएनए फाइलमध्ये पुढचा पत्ता स्टॅकवर ठेवलेला असतो, तो त्या आदेशाने आपोआप उचलला जातो.

हा वाचणारा प्रोग्राम स्वतः मात्र कॅसेटवरून, किंवा फोनच्या हेडफोन पिनवरून, लोड करावा लागतो. हसू नका, दहा-बारा सेकंदांचं काम आहे.

कॅसेट अजिबातच नको असेल तर?

तर तुम्हाला यंत्राच्या रॉममध्ये हात घालावा लागेल, आणि डिव्हआयडीईचं खरं कौतुक इथे आहे. एज कनेक्टरवर रॉमसीएस नावाचा पिन आहे. तो ५ व्होल्टला ओढला की आतली रॉम गप्प होते आणि त्या जागी बाहेरची मेमरी बोलू शकते. प्रश्न उरतो, ओढायचा कधी? कायमचा ओढला तर बेसिकच जाईल.

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या डिव्हआयडीईने याचं उत्तर असं काढलं की प्रोसेसर कुठला आदेश उचलतोय यावर एम१ च्या मदतीने पाळत ठेवायची. पत्ता शून्य, म्हणजे रीसेट झाला, आपली मेमरी पुढे करा. पत्ता ८, म्हणजे बेसिक चुकीचा संदेश द्यायला निघालं, कदाचित आपल्यासाठीचा आदेश असेल, पुढे व्हा. पत्ता १०२, म्हणजे कुणी एनएमआयचं, प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारं, बटण दाबलं, मेनू दाखवा. आणि सगळ्यात सुंदर, पत्ता १३७८, म्हणजे रॉम कॅसेटवरून वाचायला लागली. तिथे ताबा घेऊन कॅसेटऐवजी कार्डावरच्या फाइलमधून बाइट द्यायचे. गेमला शेवटपर्यंत कळत नाही की कॅसेट नव्हतीच. काम संपलं की ८१८४ ते ८१९१ मधल्या एखाद्या पत्त्यावरून जायचं आणि मूळ रॉम परत येते. आठ किलोबाइटची कायमची मेमरी, ३२ किलोबाइट रॅम आणि हा पहारेकरी, एवढ्यावर हे उभं आहे.

एनएमआयचा उपयोग सिंक्लेरच्या रॉममध्ये होऊच शकत नाही, हा आणखी एक किस्सा. एका उडीच्या आदेशाची अट उलटी पडली आहे. ठेवलेला पत्ता शून्य असेल तरच उडी मारली जाते, म्हणजे सरळ रीसेट. डिव्हआयडीई ती जागाच स्वतःकडे घेत असल्याने तिचं काही अडत नाही.

फॅट१६ आणि फॅट३२ ची कार्डं वाचणारं ईएसएक्स-डॉस यावर चालतं. मग पीसीवर फाइल टाका, कार्ड इकडे लावा, बटण दाबा, यादीतून निवडा.

मग सरळ तयार डिव्हआयडीई किंवा एसडी कार्डवालं डिव्हएमएमसी का घेऊ नये?

गेमच खेळायचे असतील तर घ्या. कुठलीही लाज नाही. ॲड्रेस डिकोडिंग म्हणजे काय, बस कशी चालते, हे हाताने कळून घ्यायचं असेल तर दोन चिपांचा बोर्ड. एसडी कार्ड घरी करणं मला पहिल्या कामासाठी योग्य वाटत नाही. ते ३.३ व्होल्टचं, डेटा एकेक बिटाने देतं, आणि बेसिकमधून पोर्ट वाचून ‘८० आलं!’ म्हणण्याची सोय त्यात नाही.

१२८, प्लस टू, प्लस थ्री यांवर चालेल?

१२८ आणि राखाडी प्लस टूवर चालायला हरकत नाही. काळा प्लस टू-ए आणि प्लस थ्री यांचा एज कनेक्टर थोडा वेगळा आहे. आपला बोर्ड रॉमसीएस वापरत नाही, त्यामुळे मोठी अडचण टळते, तरी वीजपिनांसाठी त्या मॉडेलचा तक्ता समोर ठेवूनच जोडा. १९८६ पासून भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस माळ्यावर सापडला तर तो ४८के च्या घराण्यातला. फक्त चालू करण्याआधी आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घ्या.

शाळेतला बीबीसी मायक्रो आहे. त्याला हेच लावू?

हेच नाही. १९८४ च्या क्लास प्रकल्पातून भारतातल्या शाळांत आलेला तो बीबीसी ६५०२ प्रोसेसरवर चालतो. त्याला वेगळे पोर्ट नाहीत, सगळं मेमरीच्या पत्त्यांवर, आणि वाचा व लिहा अशा दोन तारांऐवजी एकच तार व घड्याळ. तिथे पाठीमागच्या एक मेगाहर्ट्झ बसवर आयडीई जोडतात आणि त्या बसच्या सिग्नलमधले खोटे स्पंद गाळायला दोन-चार गेट जास्त लागतात. पण सॉफ्टवेअरच्या बाबतीत बीबीसी पुढे आहे. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्नने हार्ड डिस्कसाठी एडीएफएस ही फाइलसिस्टिम तेव्हाच लिहून ठेवली होती, त्यात फक्त खालचा थर बदलावा लागतो. एमएसएक्स संगणकवाल्यांचा प्रोसेसर झेड८० च असल्याने वरचं बरंचसं लागू पडतं, कनेक्टर वेगळा.

सगळं केलं, ८० येतं, ८५ आणि १७० येतात, पण सेक्टरमध्ये मधूनच एखादा बाइट चुकतो.

आधी दुसरं कार्ड लावून बघा. तेही तसंच करत असेल तर ग्राउंड. केबलमधल्या सातही ग्राउंड तारा खरोखर बोर्डाच्या ग्राउंडपर्यंत पोहोचल्यात का ते मोजा. मग १०० नॅनोफॅरड चिपच्या किती जवळ आहेत ते बघा, आणि कार्डाच्या वीजपिनांजवळ ४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावा. स्पेक्ट्रमच्या कडेचे तांब्याचे पट्टे चाळीस वर्षांत काळे पडलेले असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा, सँडपेपर लावू नका. एवढ्यानेही गेलं नाही तर केबल काढून ॲडॉप्टर थेट बोर्डावर बसवा.